दहाही जणी झोपल्या होत्या, मग जागं राहायचं म्हणजे नक्की काय?

दिवेलागण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न शेवटी इथे मांडतेय.

बायबलातल्या मत्तय २५ मधला दहा कुमारींचा दाखला आपल्यातल्या बहुतेकांना तोंडपाठ असेल. पाच शहाण्या, पाच मूर्ख; शहाण्यांनी दिव्यांसोबत भांड्यात तेलही घेतलेलं, मूर्खांनी नाही. वराला उशीर झाला, मध्यरात्री हाक आली, मूर्ख जणींचे दिवे विझायला आले. त्या तेल आणायला धावल्या आणि इकडे दार लागलं. संडे स्कूलपासून याचा एकच अर्थ ऐकला: झोपू नका, प्रभू कधीही येईल.

परवा हाच अध्याय पुन्हा वाचत होते आणि पाचव्या वचनाशी अडले. वराला उशीर लागला तेव्हा सगळ्यांनाच डुलक्या आल्या आणि सगळ्याच झोपी गेल्या. सगळ्याच! शहाण्यासुद्धा. त्यांना कोणी त्याबद्दल एक शब्द बोललेलं नाही. आणि तरी तेराव्या वचनात येशू म्हणतो, म्हणून जागे राहा. हे मला आजवर दिसलंच कसं नाही?

विचारण्यामागे थोडं स्वतःचंही आहे. पूर्वी पहाटे उठून तासभर वचन आणि प्रार्थना व्हायची. वर्ष झालं, ते मोडलंय. रविवारी उपासनेला जाते, गाणी म्हणते, आमेन म्हणते. पण आत कोणीतरी वात बारीक करून ठेवल्यासारखं वाटतं. विझलेली नाही, उजेडही नाही. प्रभू आज आला तर तयार आहेस का, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर "माहीत नाही" हेच आहे.

भीतीपोटी जागं राहणं आणि ओढीने जागं राहणं, यात फरक असतो का? असलाच तर तो रोजच्या दिवसात कसा ओळखायचा? कुठल्याही पंथाचे असलात तरी लिहा. फक्त तारखा नकोत.

मोहरीचा दाणा

ताई, दाखला सरळ आहे, गुंता आपण करतो. तेल म्हणजे पवित्र आत्मा. बाहेरून दहाही जणी सारख्याच होत्या. दिवा सगळ्यांकडे, वाट पाहणं सगळ्यांचं. फरक भांड्यात होता, आणि भांडं कोणाला दिसत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देतो, राग मानू नका. सवय मोडली असेल तर उद्यापासून पुन्हा धरा. मन लागत नाही म्हणून थांबू नका. आधी गुडघे टेकायचे, मन मागून येतं. इफिसकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायातली शस्त्रसामग्री बघा: सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. हे सगळं चढवून झाल्यावर पौल काय सांगतो? प्रार्थना करा आणि जागृत राहा. लढाई सुरू झाल्यावर चिलखत शोधत बसणारा शिपाई कधी पाहिलाय?

तीस वर्षं पहाटेची वेळ पाळतोय. त्यातले कितीतरी दिवस कोरडे गेले. पण चुकवला नाही.

गलबत

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

शब्दवेध

तेल म्हणजे पवित्र आत्माच, असं ठामपणे म्हणायला मी धजणार नाही. येशूने पेरणाऱ्याचा दाखला स्वतः उलगडून सांगितला, निदणाचा सांगितला. हा नाही सांगितला. त्यामुळे ज्याने त्याने आपलं तेल ओतलं. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टिन याच्या मते तेल म्हणजे प्रीती. त्याच काळातला बिशप ख्रिसोस्तोम याच्या मते गोरगरिबांवर केलेली दया. तेल विकणारे म्हणजे गरीबच, असं तो म्हणतो. त्यांना देऊन तेल मिळतं, आणि बाजार उठल्यावर ते मिळत नाही. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक ल्यूथर याच्या लेखी तेल म्हणजे विश्वास, आणि नुसता दिवा म्हणजे विश्वासाविना केलेली कामं. तिघेही आपापल्या जागी थोर आणि तिघांचं एकमत नाही. मला यात बरंच वाटतं.

आता शब्दाकडे. "जागे राहा" साठी मूळ ग्रीकमध्ये बहुतेक ठिकाणी ग्रेगोरेओ हे क्रियापद आहे. ग्रेगरी हे नाव यातूनच आलं: जागा असलेला. त्याच्या जोडीला अनेकदा दुसरं एक क्रियापद येतं, नेफो: नशेत नसणं, शुद्धीवर असणं. १ थेस्सलनी ५:६ मध्ये दोन्ही एकत्र आहेत, १ पेत्र ५:८ मध्येही. म्हणजे डोळे ताणून बसणं एवढाच अर्थ नाही. डोकं ठिकाणावर असणं हाही आहे. लूक २१:३४ मध्ये मन जड करणाऱ्या गोष्टींची यादी आहे: अधाशीपणा, धुंदी आणि संसाराच्या चिंता. चिंतेला दारूच्या पंगतीला बसवलंय! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी चपापलो होतो, कारण पहिल्या दोन गोष्टींपासून मी लांब आहे म्हणून जरा ऐटीत होतो.

आणि दिवेलागण, तुमच्या झोपेच्या प्रश्नाला थेट भिडणारं वचन पुढेच आहे. १ थेस्सलनी ५:६ मध्ये पौल म्हणतो, झोपू नका, जागे राहा. चारच वचनांनंतर, दहाव्यात, तेच क्रियापद वापरून म्हणतो की ख्रिस्त आपल्यासाठी मेला तो अशासाठी की आपण जागे असू किंवा झोपलेले असू, त्याच्यासोबत जगावं. तिथे झोप म्हणजे मरण, असं बहुतेक भाष्यकार धरतात. तरी तोच शब्द चार वचनांत परत यावा, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कोरा कागद

मी आता फारसा मंडळीत जात नाही, तरी लिहितो. धागाकर्तीने भीतीचा विषय काढला म्हणून.

आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्याकडे प्रभूच्या येण्याबद्दल सतत बोललं जायचं. एक जण शेतातून उचलला जाईल, दुसरा मागे राहील, वगैरे. शाळेतून घरी यावं आणि घरात कोणी नसावं, की मला दरदरून घाम फुटायचा. सगळे वर गेले, मी राहिलो. मग मी शेजारच्या काकूंचं दार वाजवायचो. त्या फार प्रार्थना करायच्या. त्या घरी असल्या म्हणजे अजून काही झालेलं नाही, हा माझा हिशेब. काकूंना वाटायचं, पोरगं प्रेमाने येतं. त्या खाऊ द्यायच्या आणि मी थरथरत्या हाताने तो खायचो.

नंतर वाचलं की हा हिशेब मोठी माणसंही करत आलीत. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी दानीएलच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांवरून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही. २३ तारीख उजाडली. इतिहासात त्याला "मोठी निराशा" असंच नाव पडलंय. अगदी अलीकडे रेडिओवरचे उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली, आणि नंतर चूक कबूल केली.

तेव्हा "जागे राहा" हे शब्द कानावर पडले की माझ्या पोटात अजून गोळा येतो. यात तुमचा कोणाचा दोष नाही. पण व्यासपीठावरून हे शब्द उच्चारताना समोर एखादं आठ वर्षांचं पोर बसलेलं असू शकतं, एवढं ध्यानात ठेवा.

गलबत

काकूंचं वाचून आधी हसू आलं, मग नाही आलं. मी आजीच्या खोलीत डोकावायचे. तेच कारण.

मोहरीचा दाणा

@कोरा कागद, तारखा काढणाऱ्यांचं समर्थन कोणीच करणार नाही. मत्तय २४:३६ स्वच्छ आहे: तो दिवस नि ती घटका पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही. तारीख सांगणारा माणूस एका अर्थी झोपायची परवानगीच मागत असतो. कळलं की अमुक दिवशी येणार, म्हणजे आदल्या रात्रीपर्यंत मोकळे.

पण भीती वाईट पद्धतीने घातली गेली म्हणून इशाराच खोटा ठरत नाही. चोर येणार असं घरधन्याला कळलं असतं तर तो जागा राहिला असता, हे येशूचेच शब्द आहेत.

कोरा कागद

मान्य. इशारा खोटा असं मी म्हटलेलं नाही. आवाज कसा होता, त्याबद्दल बोलतोय.

वाळवंटातला

दिवेलागण, तुम्ही बारीक केलेल्या वातीबद्दल लिहिलंत, ते वाचून मला चौथ्या शतकातले मिसरच्या वाळवंटातले संन्यासी आठवले. (सदस्यनाम त्यावरूनच घेतलंय, तेव्हा विषय माझा आवडता आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

त्यांच्यात एव्हाग्रियस नावाचा एक होता, इ.स. ३९९ मध्ये वारला. जीवाला सतावणाऱ्या आठ विचारांची यादी त्याने केली. पुढे पश्चिमेकडे त्यातूनच सात महापापं झाली. त्या आठांतल्या एकाला तो आकेदिया म्हणतो. मराठीत एका शब्दात बसत नाही. मरगळ, कंटाळा, उबग, मन उचटणं, हे सगळं त्यात येतं. त्याने केलेलं वर्णन इतकं नेमकं आहे की वाचताना आपली चोरी पकडली गेल्यासारखं होतं. भर दुपारी हा भूत येतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते बघतो, कोणी भेटायला येतंय का बघतो. मग त्याला वाटू लागतं की ही जागाच बरोबर नाही, आपल्यावर कोणाचं प्रेम नाही, दुसरीकडे गेलो तर देव जास्त सापडेल. फोन हातात घेऊन उगीच वरखाली सरकवत बसणारे आपण यापेक्षा फार वेगळं काही करत नाही.

मला भावतं ते हे की तो याला पाप म्हणून झोडपत नाही. तो म्हणतो, हा विचार कुठून आला, त्याच्याआधी कोणता होता, तो गेल्यावर काय आलं, हे नीट बघ. शब्दवेध यांनी सांगितलेल्या नेफोवरूनच पूर्वेकडच्या मंडळींत नेप्सिस हा शब्द रूढ झाला, म्हणजे अंतःकरणाच्या दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या विचारांवर ठेवलेली नजर. आकाशाकडे बघत बसायचं नाही, दाराकडे बघायचं. येशूच्या नावाची छोटी प्रार्थना श्वासागणिक म्हणत राहायची रीत याच परंपरेत रुजली.

आम्ही कॅथलिक लोक रात्री झोपण्याआधी दिवस तपासतो, जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस याच्या पद्धतीने. त्याचे पाच टप्पे आहेत, पण सुरुवात पापांपासून नाही, आभारांपासून आहे. मी वर्षानुवर्षं उलटं करत होतो. आधी चुका, मग वेळ उरला तर आभार. झोप लागायची ती आरोपीसारखी.

आणि गंमत म्हणजे पश्चिमेतली जुनी शेवटची रात्रप्रार्थना सुरूच होते ती पेत्राच्या "शुद्धीवर असा, जागे राहा" या वचनाने. हे ऐकायचं आणि झोपायला जायचं! विसंगत वाटतं, पण मला त्यात तुमच्या पाचव्या वचनाचं उत्तर दिसतं.

गलबत

"झोप लागायची ती आरोपीसारखी" +१

तिसरा प्रहर

मी परिचारिका आहे. अठरा वर्षांत निम्म्या रात्री जागून काढल्या असतील, तेव्हा जागरणाबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजते.

पहिली गोष्ट. नुसत्या इच्छाशक्तीवर कोणी जागं राहत नाही. पहाटे तीन ते पाच ही वेळ भल्याभल्यांना लोळवते. जागं ठेवते ती रचना. ठरलेल्या फेऱ्या, नोंदवही, दर तासाला बघायची नाडी, शेजारी दुसरी कोणीतरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्युटीच्या आधी दुपारी घेतलेली झोप. जी बाई मी खूप कामसू म्हणून दुपारी झोपत नाही, ती रात्री धोकादायक असते. म्हणून शहाण्या पाच जणींच्या झोपेचं मला कधी आश्चर्यच वाटलं नाही. त्यांनी सामान आधीच लावून ठेवलं होतं. हाक आल्यावर उठून करायचं काय, हे ठरलेलं होतं. तशी माणसं झोपू शकतात.

दुसरी गोष्ट मार्कच्या तेराव्या अध्यायातली. तिथला घरधनी परदेशी जाताना प्रत्येक चाकराला ज्याचं त्याचं काम देतो आणि द्वारपाळाला जागं राहायला सांगतो. धनी कधी येईल? संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी? रोमी लोक रात्रीचे असे चार पहारे करत. आता पुढचे दोन अध्याय घड्याळ हातात घेऊन वाचा. संध्याकाळी शेवटचं भोजन. रात्री गेथशेमाने बाग, तिथे शिष्य झोपलेले. कोंबडा आरवताना पेत्राचा येशूला ओळखायला नकार. सकाळ होताच येशू रोमी सुभेदार पिलाताच्या हवाली. चारही पहारे त्या एका रात्रीत येऊन गेले आणि एकाही पहाऱ्याला कोणी जागं नव्हतं. धनी येऊन गेला. हे मला रात्री अडीच वाजता वॉर्डात बसून वाचताना दिसलं, आणि मी पुस्तक मिटून फेरीला उठले.

तिसरी गोष्ट स्तोत्रांतली. १२१ वं सांगतं की इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. १२७ वं सांगतं की तो आपल्या प्रियजनांना झोप देतो. दोन्ही एकत्र धरा. तो जागा आहे म्हणून मी झोपू शकते. वादळात उशीवर डोकं ठेवून झोपलेला येशू यापेक्षा वेगळं काय करत होता?

शब्दवेध

तिसरा प्रहर, चार पहाऱ्यांची जुळणी फार सुंदर. (मध्यरात्र हा शब्द मार्क गेथशेमानेत वापरत नाही, एवढी एक किरकोळ टीप. बाकी तीन शब्दशः आहेत.)

रचनेवरून आठवलं. १७२७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत सॅक्सनीतल्या हेर्नहूट या मोरावियन (एक प्रोटेस्टंट पंथ) वस्तीत चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेतले. प्रत्येकाने एक तास प्रार्थना करायची. कोणी एकट्याने रात्रभर जागायचं नाही. तो पहारा शंभर वर्षांहून जास्त चालला. आधार होता लेवीय ६:१३ चा, वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही. म्हणजे विस्तव वेदीवर होता, एकेकाच्या डोक्यावर नव्हता.

मोहरीचा दाणा

सगळं छान आहे, पण आपण हळूहळू फार मऊ गादीवर येतोय असं वाटतं. ड्युटी वाटून घेता येते, तेल वाटून घेता येत नाही. शहाण्यांनी तेल द्यायला नकार दिला आणि येशूने त्यांना कंजूष म्हटलं नाही.

प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातली सार्दीसची मंडळी घ्या. जिवंत म्हणून नाव, पण मेलेली. तिला सांगितलंय, जागी हो, नाहीतर मी चोरासारखा येईन. हे त्या शहराला उगीच सांगितलेलं नाही. सार्दीसचा किल्ला उभ्या कड्यावर होता, अजिंक्य समजला जायचा. इ.स.पू. ५४६ च्या सुमारास पर्शियाचा राजा सायरस याच्या वेढ्यात एका पहारेकऱ्याचं शिरस्त्राण खाली पडलं, तो कड्याच्या बाजूने उतरून ते घेऊन वर गेला, आणि शत्रूच्या एका शिपायाने ती वाट पाहून ठेवली. तिथूनच किल्ला पडला. हेरोडोटसने लिहिलंय. बरं, एकदा ठेच लागली तर शहाणे व्हावं ना? तीनशे वर्षांनी राजा अँटायोकस तिसरा याच्या वेळी तेच. वेढा घालणाऱ्यांतल्या एकाला भिंतीच्या एका भागावर गिधाडं निवांत बसलेली दिसली. त्याने ताडलं, तिथे माणूस नाही.

किल्ला कमजोर बाजूने पडला नाही. जिथे पहाऱ्याची गरजच नाही असं वाटत होतं, तिथून पडला. माझ्या भिंतीवर गिधाडं कुठे बसलीत, हे मी दर शनिवारी स्वतःला विचारतो. बहुतेक वेळा उत्तर "पहाटेच्या प्रार्थनेचा अभिमान" असं येतं. लिहून टाकलं, आता हसा.

कोरा कागद

नाही हसणार. दाणासाहेब, या धाग्यातलं मला सगळ्यात पटलेलं वाक्य तुमचं निघेल असं वाटलं नव्हतं.

दिवेलागण (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची टाळली होती, ती लिहिते.

वर्षभरापूर्वी एका रात्री साडेअकराला माझ्या जवळच्या मैत्रिणीचा फोन आला. मी जागी होते. नाव बघितलं. ती फोनवर तासभर बोलते, मला पहाटे प्रार्थनेला उठायचं होतं. म्हणून उचलला नाही. आवाज बंद करून फोन पालथा ठेवला. पहाटे उठले, ठरल्याप्रमाणे तासभर प्रार्थना केली, तिचंही नाव घेतलं. मग फोन उलटून बघितला. रात्री तिचे वडील गेले होते. ती त्यांच्याजवळ एकटीच होती. तिने चार वेळा फोन केला होता.

ती मला काही बोलली नाही. कधीच नाही. त्यानंतर आठवडाभरात माझं पहाटेचं उठणं सुटलं. लोकांना मी सांगते की कामाचा ताण आहे.

मत्तय २५ वाचते तेव्हा मी शेवटच्या दाखल्यापर्यंत जाते, मेंढरं आणि शेरडांच्या, जिथे प्रभू म्हणतो की गरजूसाठी केलं नाही ते माझ्यासाठी केलं नाही. प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? मला माहीत आहे कधी. साडेअकराला. स्क्रीनवर नाव होतं.

तिसरा प्रहर

बाई गं.

गलबत

काही सुचत नाहीये, पण वाचलं एवढं कळावं म्हणून लिहिते.

वाळवंटातला

दिवेलागण, मी वर आकेदियावर एवढं पांडित्य केलं, ते तुमच्या बाबतीत चुकलं. तो कंटाळा नव्हताच. माफ करा.

लूक वाचा, २२:४५. गेथशेमानेत शिष्य झोपलेले सापडले हे मत्तय आणि मार्कही सांगतात, डोळे जड झाले होते म्हणतात. लूक एकटाच कारण देतो: दुःखाने झोपी गेलेले. वैद्याची नजर म्हणा. तुमची वात कोणी बारीक केली असेल तर दुःखाने केली असेल.

मोहरीचा दाणा

ताई, मी पहिल्या प्रतिसादात म्हटलं की उद्यापासून सवय पुन्हा धरा. ते मागे घेत नाही, पण त्याआधी एक काम आहे असं आता वाटतं. ते काय, तुम्हाला ठाऊक आहे.

आणि एक. मार्क १४:३७ मध्ये तिघे झोपलेले असताना येशू एकाचंच नाव घेतो. शिमोना, झोपलास काय? एक घटकाभरही जागं राहवलं नाही? पेत्र हे नवं नाव घेत नाही, जुनंच घेतो. हाच माणूस काही तासांत तीनदा नाकारतो. आणि "शुद्धीवर असा, जागे राहा" हे पत्रात कोण लिहितं? तोच. ज्याला त्या रात्री जमलं नाही त्याच्याच हाताने ते वचन आपल्यापर्यंत आलंय.

(शब्दवेध आता त्या पत्राचा खरा लेखक कोण यावर टीप देतील. द्या खुशाल.)

शब्दवेध

नाही देत. आज नाही.

फक्त पुढचं एक वचन जोडतो. तिसऱ्यांदा झोपलेले सापडल्यावर येशू त्यांना मागे ठेवून गेला नाही. मार्क १४:४२: उठा, आपण जाऊ. "आपण". ज्यांनी पहारा चुकवला त्यांनाच बरोबर घेतलं.

कोरा कागद

धागाकर्ती, मी उपदेश करणाऱ्यांतला नाही. एवढंच सांगतो की तुमच्या गोष्टीतल्या मैत्रिणीने चार वेळा फोन केला, कारण तुम्ही उचलाल असं तिला वाटलं. माझ्याकडे रात्री साडेअकराला कोणी चार वेळा करत नाही.

दिवेलागण (धागाकर्ती)

आठ दिवसांनी परत येतेय.

तिच्याकडे जाऊन आले. आधी इकडचं तिकडचं बोललो. मग सांगितलं की मी त्या रात्री जागी होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं." आणि म्हणाली की एवढं वर्षभर तिला वाटत होतं, तिच्या दुःखाचा मला कंटाळा आला म्हणून मी लांब राहते. मग आम्ही दोघी रडलो, मग तिने वडिलांच्या शेवटच्या दोन तासांबद्दल सगळं सांगितलं. ते तिने अजून कोणालाच सांगितलेलं नव्हतं. निघायला रात्रीचे साडेबारा झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठणं झालं नाही. सात वाजता जाग आली. अंथरुणातच स्तोत्र १३० वाचलं. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात, हे त्यात दोनदा आलंय, लागोपाठ. तिसरा प्रहर, दोनदा का असेल ते तुम्हीच सांगू शकाल.

तिसरा प्रहर

कारण एकदा म्हणून पहाट होत नाही.

गलबत

मोरावियन लोकांचं वाचल्यापासून डोक्यात आहे. आपण इथे सात-आठ जण आहोत. रोज रात्री एकाने अर्धा तास घ्यायचा का? प्रार्थना ज्याची त्याने आपल्या पद्धतीने करायची. आणि त्या वेळात कोणाला बोलावंसं वाटलं तर ज्याची पाळी असेल त्याने व्यक्तिगत निरोपाला उत्तर द्यायचं. मंगळवार माझा, साडेनऊ ते दहा.

मोहरीचा दाणा

मला पहाटेचा द्या. कुठलाही वार.

वाळवंटातला

शुक्रवार रात्र.

तिसरा प्रहर

माझी ड्युटी बदलती असते, महिन्याचं वेळापत्रक आलं की सांगते. शनिवार बहुधा जमेल.

कोरा कागद

प्रार्थनेचं मी कबूल करत नाही. पण गुरुवारी रात्री उशिरापर्यंत जागाच असतो. बारापर्यंत निरोप बघेन. चालत असेल तर नाव टाका.

दिवेलागण (धागाकर्ती)

टाकलं. सोमवार माझा. बुधवार आणि रविवार अजून रिकामे आहेत.